लग्नातला बुके, हार आणि गजरे तीन-चार दिवस ताजे कसे ठेवायचे?

शुक्रवारी हळद, शनिवारी लग्न आणि रविवारी संध्याकाळी रिसेप्शन. लग्नाचं असं तीन दिवसांचं वेळापत्रक आता फक्त शहरांत नाही, तालुक्याच्या गावांतही नेहमीचं झालंय. साड्या, दागिने, जेवणाचा मेनू हे सगळं सहा महिने आधी ठरतं. फुलांचं मात्र ‘सकाळी हारवाल्याकडून आणू’ एवढ्यावरच भागवलं जातं.

मग होतं काय, तर दाट तिथीच्या दिवशी फुलांचे दर चढलेले असतात. फूलवाल्याकडे एकाच दिवशी दहा लग्नांच्या ऑर्डरी असतात. कार्यालय गावाबाहेर असेल तर ऐनवेळी दुसरे हार आणायचीही सोय नसते. आणि आदल्या दिवशीच फुलं आणून ठेवावीत म्हटलं, तर मे महिन्याच्या उकाड्यात गुलाबाने मुहूर्ताआधीच मान टाकलेली असते.

पण फुलं टिकवणं तसं अवघड काम नाही. तोडलेल्या फुलाचं नेमकं काय होतं हे एकदा कळलं, की घरातल्या बादलीत, लिंबाच्या रसाने आणि फ्रिजच्या एका कप्प्यातही बरंच काही साधता येतं. कसं, ते समजून घेऊया.

तोडल्यावर फूल ‘मरतं’ का?

नाही. झाडापासून वेगळं झाल्यावरही फूल जिवंतच असतं. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, पाकळ्यांतून पाण्याची वाफ होत असते आणि कळी उमलायचं कामही सुरू असतं. फरक एवढाच, की मुळांकडून येणारं पाणी आणि पानांकडून येणारं अन्न बंद झालेलं असतं. दांड्यात आणि पाकळ्यांत जी साखर साठलेली आहे, त्यावरच पुढचे दिवस काढायचे असतात.

अशा फुलाचे तीन मोठे शत्रू असतात.

पहिला शत्रू म्हणजे उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं, की फुलाच्या श्वसनाचा वेग साधारण दोन ते तीन पट होतो. म्हणजे साठलेली साखर तितक्याच वेगाने संपते. म्हणूनच तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब तोडल्यानंतर लगेच पाण्यात आणि तिथून शीतगृहात जातो. तो बाजारात येऊन आपल्या हातात पडला, की त्याची थंडीची साखळी तुटते आणि घड्याळ जोरात पळायला लागतं.

दुसरा शत्रू म्हणजे तहान. दांड्यात केसाएवढ्या बारीक नळ्या असतात, त्यातून पाणी वर चढतं. दांडा कापल्यावर या नळ्यांच्या तोंडाशी हवेचा बुडबुडा अडकू शकतो. शिवाय शिळ्या पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचा चिकट थर नळ्या बुजवून टाकतो. बादलीत पाणी भरपूर असूनही गुलाबाची मान वाकते, त्याचं कारण हेच.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे इथिलीन वायू. पिकणारी फळं हा वायू सोडतात. गळणारी पानं, कुजणारी फुलं, गाड्यांचा धूर यांतूनही तो बाहेर पडतो. १९व्या शतकात युरोपातल्या रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. त्यांच्या नळांतून गळती झाली, की आसपासच्या झाडांची पानं गळायची. यामागे गॅसमधलं इथिलीन आहे, हे रशियातल्या दिमित्री नेल्युबोव्ह या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये दाखवून दिलं. कार्नेशन, ऑर्किड आणि जिप्सोफिला या फुलांना इथिलीनचा फार त्रास होतो. जरबेरा आणि शेवंतीच्या फुलांना तुलनेने कमी.

पुढचे सगळे उपाय या तीन शत्रूंना लांब ठेवण्यासाठीच आहेत.

कोणतं फूल किती दिवस टिकतं?

बुके ठरवताना आपण आधी रंग बघतो. समारंभ दोन-तीन दिवसांचा असेल तर रंगाआधी आयुष्य बघायला हवं. दांडा स्वच्छ पाण्यात आणि खोली थंड असेल, तर साधारण हिशोब असा धरता येतो :

• अँथुरियम : दोन ते तीन आठवडे
• शेवंती, कार्नेशन, ऑर्किड : १० ते १४ दिवस
• जरबेरा, लिलियम : ७ ते १० दिवस
• डच गुलाब, जिप्सोफिला : ५ ते ७ दिवस
• गुलछडी म्हणजेच निशिगंध : ५ ते ७ दिवस, यात खालची फुलं आधी उमलून सुकतात आणि वरच्या कळ्या नंतर उमलतात
• मोगरा : जेमतेम एक दिवस

हे आकडे थंड खोलीतले आहेत. उन्हाळ्यात पंख्याखालच्या खोलीत ते सरळ निम्म्यावर येऊ शकतात. आणि दांडा पाण्यात नसेल, म्हणजे फूल हारात किंवा वेणीत ओवलेलं असेल, तर दिवसांऐवजी तास मोजावे लागतात.

म्हणून बुकेत मुख्य जागी गुलाब हवाच असेल तर हरकत नाही, पण भरणीला कार्नेशन, शेवंती, ऑर्किड घ्यावं. दोन दिवसांनी एखादा गुलाब थकला तरी बाकीचा बुके उभा राहतो, आणि तेवढा एक गुलाब बदलणंही सोपं जातं.

फुलं घ्यायची कधी आणि बघून कशी घ्यायची?

मुंबईत दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई, पुण्यात गुलटेकडीचा मार्केट यार्ड, नागपुरात सीताबर्डीचा फूलबाजार. सगळीकडे एक नियम सारखाच आहे : ताजा माल पहाटे मिळतो आणि ऊन चढलं की त्याची रया जायला लागते. लग्नाची फुलं घरीच लावायची असतील तर लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटेची खेप सगळ्यात सोयीची. लिलियम मात्र दोन-तीन दिवस आधी घ्यावं. ते कळीतच विकलं जातं आणि नीट उमलायला तेवढा वेळ लागतो.

गड्डी हातात घेतल्यावर या गोष्टी बघा :

• गुलाबाच्या फुलाचा खालचा भाग, जिथे ते दांड्याला जोडलेलं असतं, तो हलकेच दाबून बघा. टणक लागला तर फूल ताजं. पिचपिचीत लागला तर ते बरेच दिवस साठवलेलं आहे.
• गुलाबाच्या अगदी बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतील तर घाबरू नका. आतल्या पाकळ्यांचं संरक्षण करणं हेच त्यांचं काम. त्या काढल्या की आतलं फूल स्वच्छ निघतं.
• जरबेऱ्याचा दांडा ताठ हवा. मान आधीच झुकली असेल तर ती फार क्वचित सावरते.
• दांड्याचं टोक काळपट आणि बुळबुळीत असेल, पाण्याला वास येत असेल तर ती गड्डी सोडून द्या.
• निळी, जांभळी, इंद्रधनुषी शेवंती किंवा ऑर्किड दिसलं तर ते बहुतेक वेळा रंगवलेलं असतं. हा रंग ओल्या फुलातून पांढऱ्या शेरवानीवर किंवा शालूवर उतरू शकतो. ओल्या टिश्यूने पाकळी पुसून आधीच खात्री करून घ्या.

फुलं घरी आणताना गाडीच्या डिकीत कोंबू नका. बंद गाडी उन्हात उभी राहिली की थोड्याच वेळात आतली हवा भट्टीसारखी तापते, आणि एवढ्या उन्हात अर्धा तासही फुलांचं दोन दिवसांचं आयुष्य खाऊ शकतो. बादलीत चार बोटं पाणी घ्यावं, गड्ड्या उभ्या ठेवाव्यात आणि एसी चालू ठेवावा. गाडीत एसी नसेल तर ओल्या सुती कापडाने फुलं सैलसर झाकावीत.

घरी आणल्यावर पहिले दोन तास सगळ्यात महत्त्वाचे

फुलं आणली, टेबलावर ठेवली आणि पाहुण्यांच्या चहापाण्याला लागलो, असं लग्नघरात हमखास होतं. नेमके हेच दोन तास वाया गेले तर पुढचे उपाय फारसे कामाला येत नाहीत. क्रम असा ठेवा :

१. प्लास्टिकची बादली साबणाने घासून स्वच्छ धुवा. बादली जेवणाच्या भांड्याइतकी स्वच्छ हवी.

२. दांड्याचा जो भाग पाण्यात बुडणार आहे, तिथली सगळी पानं काढून टाका. पाण्यात कुजणारं पान म्हणजे जिवाणूंना मेजवानी. काटे काढताना साल सोलवटू देऊ नका.

३. प्रत्येक दांड्याचं टोक एक इंचभर तिरकं कापा. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात, त्यामुळे धारदार सुरी किंवा कटर वापरा. तिरका काप घेतला की दांडा बादलीच्या तळाला सपाट चिकटत नाही आणि पाणी ओढायची वाट मोकळी राहते. गुलाबाचं टोक शक्यतो पाण्याखाली धरून कापा, म्हणजे हवेचा बुडबुडा आत शिरत नाही.

४. दांडे लगेच कोमट पाण्यात ठेवा. पाणी हाताला सुखद लागेल इतपतच गरम असावं. कोमट पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि ते दांड्यातून भराभर वर चढतं.

५. बादली अंधाऱ्या, थंड खोलीत दोन ते चार तास ठेवा. फुलं पोटभर पाणी प्यायली की मगच बुके बांधायला घ्या.

जरबेऱ्याला एक अपवाद आहे. त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात लवकर सडतो. त्यामुळे त्याला दोन बोटं पाणी पुरे, पण ते रोज बदलायला हवं.

पाण्यात काय घालायचं? साखर, ॲस्पिरिन की नाणं?

व्हॉट्सॲपवर याचे शंभर उपाय फिरत असतात. खरं म्हणजे फुलांच्या पाण्याला तीनच गोष्टी लागतात : खायला थोडी साखर, पाणी किंचित आंबट करणारं काहीतरी आणि जिवाणू मारणारं काहीतरी. फूलवाल्याकडे फुलांसाठीच्या पावडरची पुडी मिळते, तिच्यातही हेच असतं. पुडी मिळाली तर उत्तम. नाहीतर घरी असं करता येतं :

• पाणी १ लिटर (बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर फिल्टरचं घ्या)
• साखर १ मोठा चमचा
• लिंबाचा रस २ छोटे चमचे
• कपड्यांचं साधं, बिनवासाचं लिक्विड ब्लीच पाव छोटा चमचा

यात एक काळजी घ्यायलाच हवी. लिंबाचा रस आणि ब्लीच थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आधी एक लिटर पाण्यात साखर आणि लिंबू ढवळून घ्या आणि मगच पाव चमचा ब्लीच त्यात घाला. खिडकी उघडी ठेवा. हे पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच असतं, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरात बादलीवर चिठ्ठी लावून ठेवा.

आता बाकीच्या उपायांबद्दल.

नुसती साखर घातली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त, कारण फुलाआधी जिवाणूच ती फस्त करतात. लिंबाच्या चवीचं पांढरं शीतपेय एक भाग आणि पाणी तीन भाग, हा उपाय थोडाफार चालतो, कारण त्यात साखर आणि सायट्रिक आम्ल दोन्ही असतं. डाएट पेयात साखरच नसते, त्यामुळे ते निरुपयोगी. ॲस्पिरिनचा भरवसा धरता येत नाही. आणि तांब्याचं म्हणून जे नाणं टाकायला सांगतात, ते आपल्याकडे असतंच कुठे? आजची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत.

यातलं काहीच जमलं नाही तरी एक गोष्ट नक्की करा : रोज पाणी बदला आणि दांड्याचं टोक अर्धा इंच कापा. फक्त एवढ्यानेही दोन-तीन दिवस सहज वाढतात.

फ्रिजमध्ये ठेवायचं का?

हो, पण आधी फ्रिजमध्ये आणखी काय आहे ते बघा. कार्यालयाच्या किंवा घरच्या फ्रिजमध्ये केळी, आंबे, सफरचंदं, टोमॅटो असतील तर तो फ्रिज फुलांसाठी नाही. बंद जागेत फळांचं इथिलीन साठत जातं आणि कार्नेशन झोपी गेल्यासारखं मिटतं, ऑर्किडच्या पाकळ्या गळतात. कोकणात तर मे महिन्यातलं लग्न आणि घरात आंब्यांची अढी हे ठरलेलंच. अढी लावलेल्या खोलीत फुलांच्या बादल्या मुळीच ठेवू नका. केटररच्या शीतपेटीत जागा मिळत असेल, तरी आत फळं नाहीत ना एवढं विचारून घ्या.

दुसरी गोष्ट थंडीची. गुलाब, कार्नेशन, शेवंती, जिप्सोफिला यांना ३-४ अंशांचा फ्रिज मानवतो. ऑर्किड आणि अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली फुलं आहेत. १० अंशांच्या खाली त्यांच्या पाकळ्यांवर काळे-तपकिरी डाग पडतात. बुकेत ही फुलं असतील तर फ्रिज टाळा, एसीची खोलीच बरी.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. आजचे बर्फ न साठणारे फ्रिज हवेतली ओल शोषून घेतात. बुके तसाच ठेवला तर पाकळ्यांच्या कडा कागदासारख्या होतात. म्हणून दांडे पाण्याच्या ग्लासात ठेवा आणि फुलांवर पातळ पिशवी सैलसर पांघरा. पिशवी घट्ट बांधली तर आत घाम धरतो आणि पाकळ्यांवर करड्या बुरशीचे ठिपके येतात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला फूल टेकू देऊ नका, तिथे ते गोठतं. फ्रीझरचं तर नावच नको.

फुलं गार जागी ठेवण्याच्या नादात केवढा गोंधळ उडू शकतो, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. २० नोव्हेंबर १९४७ ला लंडनमध्ये राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे नंतरच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ, यांचं लग्न होतं. चर्चकडे निघायची वेळ झाली आणि पांढऱ्या ऑर्किडचा बुकेच सापडेना. राजवाड्यात शोधाशोध झाली. शेवटी कळलं, की एका सेवकाने तो ताजा राहावा म्हणून एका थंड कपाटात नेऊन ठेवला होता. तात्पर्य, फुलं कुठे ठेवली आहेत हे घरातल्या किमान दोन माणसांना ठाऊक असू द्या.

फ्रिजमध्ये जागाच नसेल तर? तळमजल्यावरची अंधारी खोली किंवा न वापरलेल्या बाथरूमची गार फरशी चालते. बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर माठासारखाच गारवा मिळतो. विदर्भ-मराठवाड्यात डेझर्ट कूलर असलेली खोली फुलांना छान मानवते, कारण तिथली हवा गार आणि दमट असते. फक्त कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट फुलांवर नको.

बुके कसा बांधलाय, त्यावर उपाय ठरतो

लग्नात हातात धरायचा बुके ही मुळात आपल्याकडची पद्धत नाही. गोव्यातल्या आणि वसईतल्या ख्रिस्ती लग्नांत वधू चर्चमध्ये बुके घेऊन येते आणि संध्याकाळच्या रिसेप्शनपर्यंत तो तिच्यासोबत असतो. आता हिंदू लग्नांतही रिसेप्शनच्या फोटोंसाठी बुके आला आहे. फूलवाल्याकडे तो तीन प्रकारांनी बांधून मिळतो.

मोकळ्या दांड्यांचा : दांडे एकत्र घेऊन रिबिनने बांधलेला. टिकवायला हा सगळ्यात सोपा. काम झालं की दांड्यांची टोकं कापून पाण्यात ठेवायचा. रिबीन पाण्यात बुडणार नाही इतकी वर बांधून घ्या. हातात घेण्याआधी दांडे नीट पुसा, नाहीतर साडीवर पाणी ठिबकतं.

फोममध्ये खोचलेला : हिरव्या स्पंजसारखा हा फोम अमेरिकेतल्या व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये बाजारात आणला. तो नेहमी पाण्यावर तरंगत सोडावा आणि स्वतःहून बुडू द्यावा. दाबून बुडवला की आत हवेचे कप्पे राहतात आणि तिथले दांडे तहानलेले राहतात. एकदा पूर्ण कोरडा पडलेला फोम पुन्हा नीट पाणी धरत नाही. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थोडं पाणी घालत राहा. हा फोम प्लास्टिकचाच एक प्रकार आहे, तो कुजत नाही. नंतर निर्माल्यात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका.

तारेवर बांधलेला : यात दांडे जवळजवळ कापून टाकलेले असतात आणि फुलं तारेला टेपने गुंडाळलेली असतात. दिसायला नाजूक, पण पाणी प्यायची सोयच नसते. हा बुके एका दिवसाचाच धरावा. आदल्या रात्री करून घ्यायचा असेल तर खोक्यात ओलसर टिश्यूवर ठेवून गार जागी ठेवावा.

दुकानातून आणलेल्या बुकेचं पारदर्शक वेष्टन घरी आल्याबरोबर काढा किंवा सैल करा. बंद वेष्टनात ओल धरते आणि फुलं आतून कुजायला लागतात.

लिलियम असेल तर फूल उमलताच त्यातले केशरी परागकोश चिमटीने किंवा टिश्यूने काढून टाका. हे पराग कपड्यांवर पडले तर डाग सहज जात नाही. पडलेच तर पाणी लावू नका, हाताने चोळूही नका. चिकटपट्टीने अलगद उचलून घ्या. आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. लिलीची पानं, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं.

हार, गजरे आणि वेण्या : इथे नियम वेगळा

हारातल्या फुलाला दांडा नाही, म्हणजे पाणी पाजायची सोय नाही. त्यामुळे त्यातली ओल जाऊ न देणं आणि गारवा देणं, एवढंच आपल्या हातात उरतं.

वरमाला आदल्या दिवशी बांधून घेतली असेल तर पातळ मलमलच्या किंवा सुती कापडाला ओलं करून घट्ट पिळून घ्या. कापड ओलसर हवं, त्यातून पाणी ठिबकायला नको. हार त्यात गुंडाळून पसरट डब्यात ठेवा आणि डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थेट वर्तमानपत्रात गुंडाळू नका, ओल्या कागदाची शाई पांढऱ्या फुलांना लागते. फ्रिज नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा आणि वर हार ठेवा. बर्फ फुलाला लागता कामा नये.

शक्य असेल तर हारवाल्याला गुलछडी, शेवंती, झेंडू किंवा ऑर्किड वापरायला सांगा. नुसत्या गुलाबपाकळ्यांचा हार दिसतो सुंदर, पण सगळ्यात आधी तोच मलूल होतो. असा हार हवाच असेल तर मुहूर्ताच्या दोन-तीन तास आधीचाच घ्यावा.

मोगऱ्याचं गणित तर पूर्ण वेगळं. त्याच्या कळ्या पहाटे तोडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. म्हणून गजरा नेहमी घट्ट, पांढऱ्याशुभ्र कळ्यांचा घ्या. केळीच्या पानात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. गारव्यात कळ्या उमलायच्या थांबतात. गजरे माळण्याच्या तासभर आधी डबा बाहेर काढला, की कळ्या हळूहळू उमलतात आणि वास दरवळतो. गजऱ्यावर सतत पाणी मारत राहू नका, पाकळ्या तपकिरी पडतात.

दोन दिवस टिकेल असंच काही माळायचं असेल तर शेवंतीची वेणी किंवा कोकण-गोव्यात मिळणारे अबोलीचे वळेसर घ्यावेत. अबोलीला वास नाही, पण टिकण्यात ती मोगऱ्याच्या पुढे आहे.

परदेशातल्या लग्नाला जाताना मात्र गजरा बॅगेत घालू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये मल्याळम अभिनेत्री नव्या नायर यांना मेलबर्न विमानतळावर मोगऱ्याच्या छोट्याशा गजऱ्यासाठी भारतीय चलनात सुमारे १ लाख १४ हजार रुपये दंड झाला होता. ताज्या फुलांसोबत कीड आणि रोग येऊ नयेत म्हणून ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक आहेत. तिथल्या लग्नासाठी फुलं तिथेच घेतलेली बरी.

मुहूर्ताच्या दिवशी काय सांभाळायचं?

• फोटो नसतील तेव्हा बुके सोफ्यावर आडवा टाकू नका. स्टेजमागे पाण्याचा एक जग ठेवा आणि बुके त्यात उभा करा.
• स्टेजवरचे फ्लडलाइट, होमाचा धूर आणि खिडकीतलं ऊन यांपासून फुलं लांब ठेवा.
• ही जबाबदारी एकाच व्यक्तीला द्या. करवली किंवा एखादा जबाबदार भाचा पुरे.
• सकाळच्या आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात मोठं अंतर असेल तर मधल्या वेळात दांडे कापून ताज्या पाण्यात ठेवा.

रिसेप्शनच्या दोन तास आधी गुलाबाने मान टाकली तर? घाबरू नका. दांडा पाण्याखाली दोन इंच कापा. फुलासकट दांडा कागदात ताठ गुंडाळा आणि कोमट पाण्यात खोलवर उभा करा. अडकलेला बुडबुडा निघून गेला, तर तास-दोन तासांत गुलाब पुन्हा ताठ उभा राहतो. पाकळ्यांच्या कडा आधीच काळ्या पडल्या असतील तर मात्र उपयोग नाही.

लग्न झालं, आता बुकेचं काय करायचं?

आठवण म्हणून ठेवायचा असेल तर फूल पूर्ण कोमेजायची वाट बघू नका. ताजं असतानाच वाळवलं तर रंग चांगला टिकतो.

उलटं टांगून : पाच-सहा दांड्यांची जुडी करून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलटी टांगा. दोन-तीन आठवड्यांत वाळते. गुलाब आणि जिप्सोफिलासाठी हे उत्तम. पावसाळ्यात मुंबई-कोकणात ते करू नका, दमट हवेत बुरशी धरते.

सिलिका जेलमध्ये : हवाबंद डब्यात सिलिका जेलची बारीक पूड घालून फूल त्यात पूर्ण गाडून टाका. तीन ते सात दिवसांत ते आकारासकट वाळतं. पावसाळ्यातल्या लग्नासाठी हाच खात्रीचा मार्ग. पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका.

दाबून : पाकळ्या आणि जरबेऱ्यासारखी चपटी फुलं टिपकागदात घालून जड पुस्तकांखाली दोन-तीन आठवडे ठेवा. पत्रिकेसोबत फ्रेम करायला छान दिसतात.

फुलं रेझिनमध्ये बसवून देणारे कलाकार सध्या इन्स्टाग्रामवर बरेच दिसतात. त्यांच्याकडे देतानाही फूल शंभर टक्के वाळलेलं असावं लागतं. आत ओल राहिली तर काही महिन्यांनी फूल तपकिरी पडतं.

उरलेल्या हारांतला दोरा, तार, जर आणि रिबीन काढून फुलं कंपोस्टमध्ये घाला. नदीत किंवा विहिरीत सोडू नका. आणि बाजारातल्या फुलांच्या पाकळ्या गुलकंदासाठी किंवा जेवणात वापरू नका, त्यांच्यावर कीटकनाशकं फवारलेली असू शकतात.

थोडक्यात वेळापत्रक

लग्न शनिवारी आणि रिसेप्शन रविवारी असेल तर :

बुधवार-गुरुवार : लिलियम कळीत आणून पाण्यात ठेवणं.
शुक्रवार पहाटे : बाकीची फुलं आणणं, टोकं कापणं, कोमट पाण्यात दोन-चार तास ठेवणं.
शुक्रवार संध्याकाळ : बुके बांधणं, साखर-लिंबाच्या पाण्यात गार जागी ठेवणं.
शनिवार सकाळ : ताजे हार आणि गजरे आणणं, डब्यात गार ठेवणं.
शनिवार रात्र : बुकेचं वेष्टन काढणं, टोकं कापणं, पाणी बदलणं.
रविवार दुपार : थकलेली एक-दोन फुलं बदलणं, दांडे पुसून नवी रिबीन बांधणं.

या सगळ्याला खर्च म्हणाल तर दोन बादल्या, एक लिंबू, चमचाभर साखर आणि रोजची दहा मिनिटं. तुमच्या घरात येत्या लग्नसराईत कार्य असेल, तर फुलांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे आधीच वाचायला पाठवा.